‘वाईट वाटणारच’ म्हणून सोडून दिलेला आजार

चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात चोडणला मावशीच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची आरास, बांधायचं काम चाललं होतं. बाहेर सोप्यावर नारळ, सुपाऱ्यांचे घोस, तवशी, चिबूड, आंबाडे यांचा ढीग पडला होता आणि आत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, चालल्या होत्या. आमच्याकडे नेवरीला मुरड घालावी ती मावशीनंच. इतकी बारीक की कडेला दोरी वळून चिकटवल्यासारखी दिसायची. त्या दिवशी ती पाटासमोर बसली, लाटलेली एक पारी हातात घेतली आणि तशीच बसून राहिली. पारी सुकून गेली. तिच्या सुनेनं ती हळूच हातातून काढून घेतली. कोणी काही बोललं नाही. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले होते. केमोचे आठ डोस संपले होते, रेडिएशन संपलं होतं, रिपोर्ट चांगले आले होते. “एवढं सगळं सोसलंय तिनं, वाईट वाटणारच,” असं आम्ही स्वयंपाकघरात एकमेकींना म्हटलं आणि पुन्हा लाटायला घेतलं.

तेव्हा मी ते वाक्य मायेनं म्हटलं होतं. आज तेच मला सगळ्यात जास्त टोचतं. ते खोटं नव्हतं. खरं होतं म्हणूनच तर त्याच्या आड दुसरं काय लपलंय हे आम्हाला दिसलं नाही. पाय मोडलेल्या माणसाला ताप भरला तर ‘पाय मोडलाय, ताप येणारच’ म्हणून आपण गप्प बसत नाही, जखम चिघळली का ते बघतो. मनाच्या बाबतीत मात्र एकदा कारण सापडलं की आपल्याला वाटतं, आता यावर करण्यासारखं काही उरलं नाही. मावशी त्यानंतर आणखी चार महिने तशीच राहिली. त्या चार महिन्यांत तिचा आजार अंगावर काढला तो आम्ही सगळ्यांनी मिळून.

भरती आणि साचलेलं पाणी

चोडणला फेरीबोटीनं उतरलात की थोड्या अंतरावर खाजनं लागतात. बांधापलीकडे नदीचं खारं पाणी, अलीकडे भात आणि मध्ये मानस, म्हणजे झडपांचं दार. भरती आली की पाण्याच्या दाबानं झडप आपोआप मिटते. ओहोटीला ती उघडते आणि आत साठलेलं पाणी नदीत निघून जातं. थोडं खारं पाणी झिरपलं तरी ते राहत नाही, म्हणून भात तगतं. मानस मोडली तर पाणी आत येतं आणि आतच राहतं. जमीन खारावत जाते. अशा वेळी गावात कोणी शेतकऱ्याला ‘धीर धर, खंबीर हो’ असं सांगत बसत नाही, मानस दुरुस्त करायला माणूस बोलावतात.

ताण म्हणजे भरती. गाठीचा तुकडा तपासायला दिलाय आणि रिपोर्ट यायचाय, तेव्हा झोप उडते. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी उशीवर केसांचा पुंजका दिसतो, तेव्हा बाई ढसाढसा रडते. छाती धडधडते, घास उतरत नाही. पण मधूनमधून ओहोटी येते. नातवानं काही गमतीचं केलं की ती हसते, शेजारीण आली की बोलते, कधी तिला सोलकढी प्यावीशी वाटते. हे दुखणं खरं आहे, पण तो आजार नव्हे.

नैराश्यात पाणी ओसरत नाही. डॉक्टर साधारण दोन आठवड्यांची मुदत धरतात. या मुदतीत बहुतेक दिवस आणि दिवसातला बहुतेक वेळ मन बुडालेलं असतं, किंवा ज्यात पूर्वी जीव रमायचा त्या कशातच रस वाटत नाही. सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडते, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, जगण्याला अर्थ नाही असं वाटतं. गोव्यात यासाठी नैराश्य किंवा डिप्रेशन हे शब्द घरात क्वचितच ऐकू येतात. बायका ‘टेन्शन’ म्हणतात, नाहीतर ‘म्हाका कितेंच बरें दिसना’, मला काहीच बरं वाटत नाही, असं म्हणतात. त्याहून जास्त वेळा त्या मनाबद्दल काहीच बोलत नाहीत. अंग मोडून येतं, डोकं जड होतं, हातापायांत त्राण नाही, एवढंच सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, केमोचा परिणाम असेल.

कोणाला होतं

लंडनमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर असलेल्या २२२ बायकांचा निदानापासून पाच वर्षं पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात जवळजवळ निम्म्या जणींना नैराश्य, चिंतेचा विकार किंवा दोन्ही होतं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी हे प्रमाण २५ टक्क्यांवर आलं, पाचव्या वर्षी १५ टक्क्यांवर. म्हणजे पहिल्या वर्षीही जवळजवळ निम्म्या बायकांना हा आजार नव्हता. त्यांनाही वाईट वाटलंच असेल. तेव्हा ‘कॅन्सर म्हटल्यावर हे होणारच’ हा हिशेब इथंच चुकतो. आणि पाचव्या वर्षीचे १५ टक्के मला विसरता येत नाहीत. पाचव्या वर्षापर्यंत घरातले सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात, फळं घेऊन भेटायला येणारे थांबलेले असतात आणि त्या बाईचा त्रास कोणाच्या खिजगणतीत नसतो.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. गाठ किती मोठी होती, उपचार कोणते झाले, यांचा नैराश्याशी संबंध सापडला नाही. दीर्घकाळ रेंगाळणारा त्रास कमी वयाच्या बायकांत जास्त दिसला. आधी मानसिक त्रासावर उपचार घ्यावे लागलेल्या, कॅन्सरखेरीज आयुष्यात दुसरे मोठे आघात सोसलेल्या, आणि मनातलं मोकळं बोलायला जवळचं माणूस नसलेल्या बायकांतही तो जास्त होता. ‘तिचा तर पहिल्याच स्टेजचा होता, तिला कसलं एवढं?’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

कमी वयाचा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू पडतो. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाच्या कॅन्सरचं नव्यानं निदान झाल्याचा जागतिक कॅन्सर नोंदींचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्या बायकांना तो साधारण दहा वर्षं लवकर होतो. पंचेचाळिशीतल्या बाईच्या मुलीचं कॉलेज चालू असतं, सासूचं दुखणं असतं, कदाचित घरकर्जाचे हप्तेही असतात. कॅन्सर आला म्हणून त्यातलं काही थांबत नाही.

औषधंही मनापर्यंत पोचतात

हा भाग कोणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मन बिघडण्यामागे विचारांइतकंच शरीरही असतं.

केमोच्या दिवशी उलटी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी बहुतेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्यानं दोन-तीन दिवस झोप उडते, अंगात उसनी तरतरी येते, काहींची चिडचिड होते. औषध उतरलं की माणूस कोसळतो. मावशी प्रत्येक डोसनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास रडायची आणि स्वतःलाच बोल लावायची. हा औषधाचा उतार आहे हे तिला आणि आम्हाला आधी माहीत असतं, तर त्या दिवसांची निदान भीती वाटली नसती.

केमोमुळे अनेकींची पाळी एकाएकी थांबते. एरवी वर्षानुवर्षांत होणारा बदल काही आठवड्यांत होतो. अंगातून गरम वाफा, रात्रीचा घाम, तुटक झोप. ज्या गाठी संप्रेरकांवर, म्हणजे हॉर्मोन्सवर, पोसतात त्यांच्यासाठी पुढे पाच ते दहा वर्षं टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या असतात. पहिल्यानं वाफा वाढतात, दुसऱ्यानं सांधे धरतात. शिवाय रक्त कमी होणं, थायरॉइड मंदावणं, बी-१२ कमी पडणं या तिन्हींचं चित्र नैराश्यासारखंच दिसतं. म्हणून मनाचं औषध सुरू करण्याआधी एकदा या तपासण्या करून घेणं शहाणपणाचं.

आणि दाह. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांनी शरीरात दाह निर्माण करणारी रसायनं वाढतात आणि त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो. ताप आला की आपण कोपऱ्यात पडून राहतो, जेवण नको होतं, माणसं नको होतात, तो याच निरोपाचा परिणाम. कॅन्सरच्या उपचारांत हा निरोप महिनोन्‌महिने चालू राहू शकतो. मावशी ‘आळशी’ झाली नव्हती.

यात शरीराच्या रूपाचं दुःख मिसळतं. ब्लाऊजची एक बाजू रिकामी, आरशासमोर उभं राहणं नको, नवऱ्यासमोर कपडे बदलणं नको. काखेतल्या गाठी काढल्यावर काहींचा हात सुजतो. ज्या हातानं आयुष्यभर कळशी उचलली, नारळ खवला, तो हात आता जपायचा. मावशीला केसांपेक्षा हाताचं जास्त लागलं होतं. ‘मी आता कोणाच्या उपयोगाची नाही’ हे तिचं वाक्य तिथून आलं होतं.

मी काय पाप केलं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. कोणी देवळात कौल लावतं, कोणी राहिलेला नवस शोधतं. मी कोणाच्या श्रद्धेला नावं ठेवणार नाही. मावशीला देवीसमोर बसून जी शांती मिळाली ती आमच्यापैकी कोणी देऊ शकलो नसतो. पण याच प्रश्नाचं एक नवं, सुशिक्षित रूप आलंय, आणि ते जास्त छळतं: ‘तू फार टेन्शन घेतेस, म्हणूनच तुला कॅन्सर झाला.’ ब्रिटनमध्ये १ लाख ६ हजार बायकांवर झालेल्या आणि २०१६ साली छापल्या गेलेल्या अभ्यासात मानसिक ताण, आयुष्यातले आघात आणि स्तनाचा कॅन्सर होणं यांच्यात सातत्यानं दिसणारा संबंध आढळला नाही. ताणामुळे माणूस चालणं सोडतो, खाणं बिघडवतो, दारूकडे वळतो, ते नुकसान वेगळं. पण सासरच्या जाचानं किंवा मुलाच्या काळजीनं बाईनं स्वतःच स्वतःला गाठ आणली, असं म्हणायला आधार नाही.

त्याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘पॉझिटिव्ह राहा, तरच बरी होशील.’ लढाऊ वृत्तीनं आयुष्य वाढतं का, हे तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तसं म्हणण्याजोगा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. मला ही बातमी दिलासा देणारी वाटते. म्हणजे एखाद्या रात्री बाई रडली म्हणून तिचा कॅन्सर परत येणार नाही. तिला रडायची मुभा आहे. नैराश्यावर उपचार घ्यायचे ते तिचे दिवस बरे जावेत म्हणून, आणि आणखी एका रोकड्या कारणासाठी: नैराश्यात माणूस गोळ्या चुकवतो, तपासणीची तारीख टाळतो, डोस अर्धवट सोडतो. त्याचा फटका मात्र थेट कॅन्सरच्या उपचाराला बसतो.

सिस्टरनं विचारलेले दोन प्रश्न

थकवा, भूक नसणं, झोप नसणं, वजन घटणं ही नैराश्याची लक्षणं, आणि केमोचीही तीच. मग ओळखायचं कसं? १९८३ साली ब्रिटनमध्ये रुग्णालयातल्या रुग्णांसाठी नैराश्य आणि चिंता मोजणारी एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात शरीराची लक्षणं जाणूनबुजून गाळली आहेत. विचारलंय ते असं, की पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात अजून वाटतो का, गमतीची गोष्ट कळते का, पुढच्या गोष्टींची वाट बघावीशी वाटते का. घरच्यांनीही लक्ष ठेवायचं ते इथंच. केमोनं दमलेली बाई म्हणते, ‘जत्रेला यायचं होतं गं, पण पाय उचलत नाहीत.’ नैराश्यातली बाई म्हणते, ‘जत्रेचं काय घेऊन बसलात.’ पहिलीला इच्छा आहे, शक्ती नाही. दुसरीची इच्छाच आटलीय.

मावशीला हे विचारलं ते आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं. मावशी बीपीच्या गोळ्या आणायला गेली होती. सिस्टरनं पट्टा बांधता बांधता विचारलं, “बाये, न्हीद पडटा मगो?” म्हणजे झोप लागते ना? मावशी म्हणाली, पडते थोडी. मग सिस्टरनं दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशात मन लागलं नाही? किती दिवस अगदी उदास, निराश वाटलं? मावशी बोटांवर मोजायला लागली आणि मोजता मोजता रडायला लागली. हे दोन प्रश्न म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतले पहिले दोन. पूर्ण प्रश्नावलीचे गुण २७ पैकी मोजतात, आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर पुढे नीट तपासणी करायची असते. मावशीचे १७ आले.

नववा प्रश्न मरण्याच्या विचारांचा असतो. तो विचारायला आपण घाबरतो. विचारलं तर डोक्यात भरेल, असं वाटतं. तसं होत नाही. ज्याच्या मनात तो विचार आधीच आहे, त्याला कोणीतरी विचारल्यावर सुटल्यासारखं होतं. मात्र उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गोळ्यांचे डबे, शेतीची औषधं घरातून हलवायची.

गोव्यानंच दाखवलेला उपाय

नैराश्यावर उपचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोळ्या आणि वेड्यांचं इस्पितळ येतं. जुन्या पिढीला अजून पणजीच्या आल्तिनोवरचं जुनं मनोरुग्णालय आठवतं. पण या विषयात जगानं दखल घेतलेलं काम आपल्याच आरोग्य केंद्रांत झालंय, आणि ते गोव्यातल्या किती कमी लोकांना ठाऊक आहे! १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. ४९५ माणसं, सगळ्यांना बऱ्यापैकी तीव्र नैराश्य. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी, भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के माणसं नैराश्याच्या रेषेखाली आली होती, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या नियतकालिकात छापून आले. ही चाचणी कॅन्सरच्या रुग्णांपुरती नव्हती, आरोग्य केंद्रात येणाऱ्या सर्वसाधारण माणसांवर होती. पण तिच्यातली पद्धत कॅन्सरच्या रुग्णांतही वापरली जाते, आणि कळायला ती फार सोपी आहे.

नैराश्यात माणूस कामं सोडतो. कामं सोडली की आनंदाचे, कौतुकाचे, भेटीगाठींचे प्रसंग आटतात. ते आटले की मन आणखी खाली जातं आणि मग तो आणखी कामं सोडतो. आपण म्हणतो, आधी बरं वाटू दे, मग कर. या पद्धतीत क्रम उलटा धरतात. आधी अगदी छोटं काहीतरी ठरवून करायचं, वाटो न वाटो, आणि मन मागून येऊ द्यायचं. यात मेख आहे ती ‘छोटं’ आणि ‘ठरवून’ या दोन शब्दांत. ‘जरा बाहेर पडत जा’ हा सल्ला झाला. ‘मंगळवारी सकाळी सात वाजता पेज घेतल्यावर तळीपर्यंत जाऊन यायचं’ ही योजना झाली.

मावशीच्या समुपदेशनाच्या पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी होत्या. सकाळी अंघोळ करून साडी नेसायची, गाऊनमध्ये राहायचं नाही. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा तिनं लावायचा, सुनेनं नाही. कागदावर दिवस लिहून पुढे मन कसं होतं त्याचे दहापैकी गुण टाकायचे. सगळे तीन-चार आले. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या बाईबरोबर फेरीच्या धक्क्यापर्यंत चालणं सुरू झालं. मग आबोली वळायची, सुजऱ्या हाताला त्रास न देता, मांडीवर सूप घेऊन. एका शुक्रवारी ती म्हापशाच्या बाजारात गेली आणि भाव करून भांडून मिरच्या घेऊन आली. त्या दिवसापुढे तिनं आठ लिहिले. मध्येच एक आठवडा पुन्हा सगळे दोन होते. असं होतं, त्याची तयारी ठेवावी.

चालण्याबद्दल एक सांगायला हवं. कॅन्सरच्या थकव्यावर पडून राहणं हा उपाय नाही. डॉक्टरांना विचारून केलेल्या हलक्या, नियमित व्यायामानं तो थकवा कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. दहा मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालते.

गोळ्या घ्याव्या लागल्या तर

मध्यम आणि तीव्र नैराश्यात अनेकदा नुसत्या बोलण्यानं भागत नाही, तेव्हा औषधं लागतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाटू शकते आणि नेमक्या त्याच वेळी लोक गोळी सोडतात. बरं वाटू लागल्यावरही सहा महिने किंवा जास्त काळ ती चालू ठेवावी लागते आणि नंतर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायची. या गोळ्यांची चटक लागत नाही. चटक लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्यांची. लोक दोन्ही एकाच पिशवीत टाकतात आणि नको तिला घाबरतात.

आता स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांनी डायरीत लिहून ठेवावी अशी गोष्ट. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं जास्त प्रभावी रूप तयार करतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची दोन औषधं त्याच विकराला जोरात अडवतात. म्हणजे मनाची गोळी कॅन्सरच्या गोळीच्या कामात आडवी येऊ शकते. व्हेन्लाफॅक्सिन, एस्सिटॅलोप्राम ही औषधं त्या विकराला फारसं छेडत नाहीत, म्हणून अशा वेळी डॉक्टर त्यांचा विचार करतात. व्हेन्लाफॅक्सिननं अंगातल्या गरम वाफाही कमी होतात. तुमच्या घरात कोणी या जोडीवर असेल तर गोळी आपण होऊन बंद करू नका, मनाची एकदम सोडल्यासही त्रास होतो आणि टॅमॉक्सिफेन सोडणं तर अजिबात नको. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. एवढंच करायचंय, पण रुग्ण कॅन्सरची फाईल मनाच्या डॉक्टरकडे नेत नाहीत आणि मनाच्या डॉक्टरचं नाव कॅन्सरच्या डॉक्टरसमोर काढत नाहीत. लाज वाटते. मावशीची फाईल मी एकत्रच शिवून घेतली.

घरात

नवरे बहुतेक गप्प असतात. काकांनी फेरीबोटीची, बसची, डोसाच्या तारखांची सगळी व्यवस्था बिनचूक केली, पण ऑपरेशनच्या जखमेकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांना वाटायचं, पाहिलं तर तिला वाईट वाटेल. तिला वाटायचं, यांना किळस येते. हे दोघांनी एकमेकांना सांगितलं ते समुपदेशनाच्या पाचव्या भेटीत. छत्तीस वर्षांचा संसार होता त्यांचा. काकांचीही झोप गेली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. रुग्णाची उठाबस करणाऱ्यालाही नैराश्य येतं आणि त्याला तर कोणी ‘कसा आहेस’ म्हणूनही विचारत नाही.

काय बोलावं हे सुचत नसेल तर थोडं कमी बोलावं. ‘तुझ्यापेक्षा वाईट कितीतरी जणींचं झालंय’ हे नको. कोण कशानं गेलं याच्या गोष्टी नकोत. ‘आज कसला दिवस आहे, बरा की वाईट?’ एवढं विचारून शेजारी भाजी निवडत बसलं तरी चालतं. आजाराचं नाव तिच्यापासून लपवू नये, तिला ते बहुतेकदा आधीच ठाऊक असतं आणि मग घरातल्या सगळ्यांसमोर ठाऊक नसल्याचं सोंग तिला एकटीला वठवावं लागतं.

मदत जवळ आहे. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथंच मनोविकार व मानवी वर्तन संस्थाही आहे. एका फेरीत दोन्ही कामं होऊ शकतात. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. आरोग्यविमा असेल तर हेही माहीत असू द्या, की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार शरीराच्या आजारांना मिळतो त्याच तत्त्वावर मनाच्या आजारांनाही विमा मिळायला हवा. विमा कंपनीचा माणूस नाही म्हणाला तर कायद्याचं नाव घेऊन लेखी उत्तर मागा.

मावशीची गोळी अजून चालू आहे. यंदा नेवऱ्यांना मुरड तिनंच घातली. मधूनच थांबून हात उशीवर टेकवत होती, पण उठली नाही. नोव्हेंबरात तिची मॅमोग्राफी आहे. तारखेच्या आधी आठेक दिवस तिची झोप जाणार, मध्यरात्री उठून ती सोप्यावर जाऊन बसणार, हे आता आम्हाला माहीत झालंय. त्या आठवड्यात मी कामावरून रजा काढते आणि चोडणला राहायला जाते. रात्री तिच्या उठण्याची चाहूल लागली की मीही उठते आणि पेजेचं आधण ठेवते.